बिनमटणाचा काळा रस्सा

तुमच्या ग्रुपमध्ये सध्या एक तरी जण व्हीगन असणारच. नसेल तर काळजी नको, पुढच्या गेट-टुगेदरपर्यंत होईल! मग सुरू होतो ऑर्डर देण्याचा कार्यक्रम. एकाला चिकन हवं. दुसरीचा गुरुवार. तिसरा जैन, त्याला कांदा-बटाटा नको. चौथी व्हीगन, म्हणजे पनीर बाद, दही बाद, बटर बाद आणि 'ग्रेव्हीत क्रीम आहे का हो?' हे वेटरला विचारण्यात दहा मिनिटं बाद. शेवटी ती बिचारी काकडीचे काप चिवडत बसते आणि बाकीचे तिची नजर चुकवत तंदुरी संपवतात.

यावर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे 'प्लांट-बेस्ड मीट'. दिसायला मटण, चावायला मटण, पण बनलेलं झाडापासून. पुण्यातल्या कॅफेंमध्ये हल्ली 'हार्टी व्हीगन सूप' नावाचा एक प्रकार मिळतो. मोठा बाऊल, टोमॅटोचं दाट सूप, त्यात राजमा, गाजर आणि हे बिनमटणाचे तुकडे. पोटभरीचं असतं, वाईट नसतं. पण किंमत वाचून माझ्यासारखी फ्रीलान्सर आधी साधं पाणी मागवते, आणि दोन चमचे झाले की मला तिखटाची आठवण यायला लागते. तिखट आठवलं की नशिराबाद आठवतं. आता ओघाने आलंच आहे तर सांगून टाकते, की या हार्टी सूपचा आमच्या गावाकडचा चुलतभाऊ त्याच्यापेक्षा कितीतरी सरस आहे. त्याची रेसिपी शेवटी देते. आधी त्याची गोष्ट.

व्हीगन म्हणजे नक्की काय?

थोडं बेसिक. 'व्हीगन' हा शब्द १९४४ चा. ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या काही मित्रमंडळींनी व्हीगन सोसायटी काढली, तेव्हा तो जन्माला आला. मांस-मासे-अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. प्राण्याकडून आलेलं काहीच नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळा लोगो आणला. हिरव्या रंगातलं 'व्ही' हे इंग्रजी अक्षर. पाकिटावरच्या नेहमीच्या हिरव्या खुणेवर व्हीगन माणसाने विसंबून राहू नये, कारण ती पेढ्याच्या बॉक्सवरही असते.

आणि बिनमटणाचं मटण? लातूरच्या देशमुखांच्या घरातल्या रितेशने आणि जेनेलियाने २०२१ मध्ये 'इमॅजिन मीट्स' नावाचा ब्रँड आणला. उदयपूरची 'गुडडॉट' ही कंपनी त्याच्याही आधीपासून या धंद्यात आहे. तिकडे अमेरिकेत 'बियाँड मीट' २०१९ मध्ये शेअर बाजारात वाजतगाजत उतरली. लोक म्हणाले, आता खाटकांची दुकानं बंद होणार. पुढे त्याच कंपनीचा शेअर पार कोसळला. 

या सगळ्या मंडळींचा फंडा एकच. पदार्थ मांसासारखा लागला पाहिजे. जितका हुबेहूब, तितका भारी. मला हा फंडा कुठेतरी खटकायचा. का, ते आमच्या घरी जे झालं त्यावरून कळलं.

सूप नाही, रस्सा!

जळगावहून भुसावळकडे हायवेने निघालात की दहाएक किलोमीटरवर आमचं नशिराबाद. झिपरू अण्णा महाराजांचं गाव. बाहेरच्यांना मात्र टोलनाक्यामुळे माहीत. आमच्याकडे सूप म्हणजे भिंतीला टांगलेलं. मी एकदा फोनवर आजीला 'रात्री नुसतं सूप घेते' असं म्हटलं, तर ती म्हणाली, "माय व! सुपानं तं दाने पाखडता, पोट कसं भरीन?"

आमच्याकडे पोट भरतं रश्श्याने. खानदेशी काळा रस्सा ज्याने खाल्लाय त्याला वेगळं सांगायला नको. सुक्या खोबऱ्याची वाटी आणि सालासकट कांदा विस्तवावर अगदी काळा होईपर्यंत भाजायचा. धणे, तीळ, मिरी, लवंग, दालचिनी, मसाला वेलची आणि दगडफूल. दगडफूल नसेल तर तो रस्सा खानदेशी नाही, असं आमच्या घरात ठाम मत आहे. सगळं बारीक वाटायचं, शेंगदाण्याच्या तेलात तेल सुटेपर्यंत परतायचं आणि उकळतं पाणी ओतायचं. वर लालभडक तर्री. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली. भाकरी कुस्करायची, वरून रस्सा ओतायचा आणि ओरपायचं. नाकातून पाणी आलं म्हणजे बेत जमला.

आता गंमत बघा. या रश्श्यात दूध नाही, दही नाही, तूप नाही, क्रीम तर नाहीच नाही. मटण बाजूला ठेवलं तर उरतं ते शंभर टक्के व्हीगन. आणि मटण बाजूला ठेवायचं कसं, हे खानदेशाला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेवभाजी काय आहे? तोच रस्सा, आत तिखट शेव. पातोडीची भाजी काय आहे? तोच रस्सा, आत बेसन शिजवून, थापून कापलेल्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या. पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावकडे तर 'मासवडी' करतात. आकार माशासारखा, नाव माशाचं आणि मासा औषधालाही नाही. आत तीळ-खोबऱ्याचं सारण, बाहेर बेसन. बंगालमध्ये कच्च्या फणसाला 'गाछपाठा' म्हणतात, म्हणजे झाडावरचा बोकड! थोडक्यात, मटणाची सब्स्टिट्यूट्स शोधणं हे काही कॅलिफोर्नियातल्या स्टार्टअपने लावलेलं डोकं नाही.

मुद्दा असा की यातला एकही पदार्थ 'मी मटण आहे' असं खोटं सांगत नाही. पातोडी ही बेसनासारखीच लागते. लोक तिच्यासाठी नाही, तिच्याभोवतीच्या रश्श्यासाठी बसतात.

सोयाबीनची वडी आली कुठून?

आणि मग आली सोयाबीनची वडी. गावाकडे हिला कुणी 'सोया चंक्स' म्हणत नाही. 'सोयाबीनच्या वड्या' किंवा सरळ 'न्यूट्रिला', मग ब्रँड कुठलाही असो. हॉस्टेलच्या मेसमध्ये आठवड्यातून दोनदा भेटणारी, रबरासारखी, पाण्यात पोहणारी ती वडी आठवून तुम्ही नाक मुरडलं असेल तर थांबा. दोष वडीचा नाही, मेसचा आहे.

ही वडी तयार कशी होते ते कळलं की ती शिजवायची कशी तेही कळतं. सोयाबीनच्या दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल असतं आणि ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन. कारखान्यात आधी तेल काढून घेतात. उरलेल्या पेंडीचं पीठ करतात. त्यात पाणी मिसळून ते एक्स्ट्रूडर नावाच्या मशीनमध्ये घालतात. आत एक मोठा स्क्रू फिरत असतो, आपल्या शेव पाडायच्या सोऱ्याचा थोरला भाऊ समजा. प्रचंड उष्णता आणि दाब. पीठ छिद्रातून बाहेर पडलं की दाब एकदम उतरतो, आतल्या पाण्याची झटक्यात वाफ होते आणि पीठ फुलतं. आत जाळी पडते, प्रोटीनचे धागे तयार होतात. म्हणून ती स्पंजासारखी असते आणि चावताना तंतू लागतात.

हे तंत्र अमेरिकेतल्या आर्चर डॅनियल्स मिडलंड या कंपनीने १९६० च्या दशकात बाजारात आणलं. साधारण त्याच काळात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने मध्य भारतात पिवळं सोयाबीन रुजवायला सुरुवात केली. १९९४ मध्ये जबलपूरचं जेएस ३३५ हे वाण आलं आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी ते उचलून धरलं. आज लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी ओळखली जाते. म्हणजे परदेशी पाहुणी वाटणारी ही वडी आता चांगलीच घरची झालीये.

आता किचनमधला धडा. स्पंजला स्वतःची चव नसते. तो जे पितो, तसा लागतो. गरम पाण्यात भिजवलेली वडी तशीच रश्श्यात टाकली, तर तिच्या पोटात आधीच पाणी भरलेलं असतं. मग मसाला आत शिरणार कुठून? तिला दोन्ही तळव्यांत धरून, ओला टॉवेल पिळतो तशी पिळायची. त्या पाण्यासोबत तो कच्चट वासही जातो. मगच तिला मसाल्यात परतायची. बस, एवढंच. मेसमधल्या काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

पप्पांची माळ आणि डॉक्टरांची अंडी

आता घरची गोष्ट. माझे पप्पा एसटीतून रिटायर झालेले. तरुणपणी मटणाचे एकदम शौकीन. रविवारी सकाळी पिशवी घेऊन स्वतः जायचे आणि रस्सा स्वतः चाखून सोडायचे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी माळ घातली. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी निघते, तिच्यासोबत पंढरपूरपर्यंत चालायला लागले. महिनाभराची पायी वाट. तेव्हापासून मटण बंद, अंडं बंद. आईने त्यांच्यासाठी कधी शेवभाजी, कधी पातोडी करायची, असं सगळं सुरळीत चाललं होतं.

गेल्या पावसाळ्यात मागच्या अंगणात त्यांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली. पण पुढचे दीड महिने ते पलंगावर. मी नशिराबादला गेले तेव्हा त्यांची पोटरी बघून पोटात खड्डा पडला. निम्मी झाली होती. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल हो, पण स्नायू नुसत्या वरण-भातावर भरून येणार नाहीत. प्रोटीन वाढवा. रोज दोन अंडी द्या.

पप्पांनी काही न बोलता गळ्यातल्या माळेला हात लावला.

डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, औषध म्हणून घ्या. घरी आल्यावर काकाही म्हणाला, "दादा, पांडुरंग काय अंडी मोजत बसला नाहीये." पप्पा म्हणाले, "तो मोजत नाही रे. मी मोजतो." यावर कोण काय बोलणार? दूध त्यांना फार पचत नाही. पावडरचा डबा आणला, तर दोन दिवसांत पोट बिघडलं. डाळी वाढवल्या, शेंगदाण्याची चटणी वाढवली. पण भूकच मेलेली असली की माणूस किती डाळ खाणार? आणि त्यांचं एकच पालुपद, "पुढच्या आषाढीला मी चालणार आहे." ते ऐकलं की आई उठून आत जायची.

शेवटी आईने सोयाबीनच्या वड्या आणल्या. रस्सा फर्स्ट क्लास केला. पप्पांनी ताटातली वडी उचलली, चावली आणि थांबले. "हे मटणासारखं लागतंय," म्हणाले आणि ताट बाजूला सारलं.

कंपन्यांच्या जाहिरातीत हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापतील, नाही का? आमच्या घरात त्या वाक्याने जेवण थांबलं. ज्याने मनापासून सोडलंय, त्याला त्याचीच नक्कल वाढणं म्हणजे त्याची परीक्षा बघणं. पप्पांना मटणासारखं काही नको होतं. त्यांना काय हवं होतं ते आईला बरोबर माहीत होतं, कारण ताट सारताना त्यांनी वाटीतला रस्सा तेवढा पिऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी आईने वड्यांऐवजी सोयाबीनचा चुरा आणला. किराणा दुकानात मिळतो, वडीचाच बारीक प्रकार. तो भिजवला, घट्ट पिळला, मसाल्यात परतला आणि रश्श्यात सोडला. शिजल्यावर तुकडा असा उरलाच नाही. रस्सा नुसता दाट झाला, भरड डाळीच्या आमटीसारखा. चावायला तंतू नाही, आठवण यायला कारण नाही. पप्पांनी एक वाटी घेतली. मग अजून अर्धी. मग म्हणाले, "आज रस्सा जमलाय." त्यात काय आहे हे आईने लपवलं नव्हतं, त्यांच्यासमोरच चुरा पिळला होता. हे महत्त्वाचं. फसवून खाऊ घालणं आईला जमत नाही आणि पप्पांना पचलं नसतं.

मग तो रस्सा आठवड्यातून चार वेळा झाला. फिजिओथेरपीही रोज चालू होती, चालण्याचं श्रेय एका वाटीला देऊ नये एवढं मलाही कळतं. पण खाल्लं तर व्यायाम होतो, आणि खायला लागले ते या रश्श्यामुळे. आज ते काठी न घेता मंदिरापर्यंत जाऊन येतात. वारीचं डॉक्टरांनी अजून 'बघू' वरच ठेवलंय.

आणि मग आली व्हीगन पाहुणी

दिवाळीत माझी पुण्याची रूममेट माझ्यासोबत महाराष्ट्र एक्स्प्रेसने गावी आली. ती तीन वर्षांपासून व्हीगन. कारणं तिची आहेत, पटणारी आहेत आणि ती कुणाला लेक्चर देत नाही, म्हणून तर आमचं जमतं. पण आमच्या घरात पहिल्या पाच मिनिटांतच पेच. आईने चहा पुढे केला, ती म्हणाली, "काकू, मी दुधाचा घेत नाही." आजीने आयुष्यभर म्हशी सांभाळल्या. तिच्या दृष्टीने घरात दूध असणं म्हणजे बरकत आणि ते नाकारणं म्हणजे घर नाकारणं. "दूध बी नाई पेत? मंग जगते कशी व पोर?" हे मला बाजूला घेऊन, पण पुऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

दिवाळीचं घर. बट्टीवर तुपाची धार, लाडवात तूप, कढीत ताक. रूममेट हसून 'चालेल हो, भात खाते' म्हणत होती आणि आईचा चेहरा पडत चालला होता. पाहुणा उपाशी उठला तर आमच्याकडे ती वर्षभराची बोच असते.

तेव्हा पप्पाच म्हणाले, "माझा रस्सा टाक ना. त्यात कुठे दूध आहे?"

त्या रात्री एकाच पातेल्यातून सगळे जेवले. माळकरी पप्पा, व्हीगन पाहुणी, मटणवाला काका आणि कुठलीच भानगड नको असलेली आजी. काकासाठी आईने दोन मूठ आख्ख्या वड्या वेगळ्या परतून त्याच्या वाटीत घातल्या, त्याला चावायला काहीतरी लागतं. तो दोन वाट्या संपवून म्हणाला, "मटण नाही हे. पण रस्सा खरा आहे." रूममेटच्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या होत्या आणि ती तिसरी भाकरी कुस्करत होती. आजीने तिच्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "खाते व चांगली." आजीकडून याहून मोठं सर्टिफिकेट नाही. सकाळी तिने स्वतः लिंबाचा कोरा चहा करून आणला.

मला वाटतं, आपण सब्स्टिट्यूटकडे चुकीच्या बाजूने बघतो. 'किती हुबेहूब?' हा प्रश्न मटण चुकणाऱ्या काकासाठी ठीक आहे. पप्पांना तो नको होता आणि रूममेटला त्याची पर्वा नव्हती. ताटावर बसणाऱ्या माणसाला नक्की काय हवंय, हा खरा प्रश्न. बहुतेक वेळा त्याला हवा असतो तो मसाला, ती तर्री, आणि सगळ्यांबरोबर एकाच पातेल्यातून जेवल्याचं समाधान.

थोडे आकडे, थोड्या सूचना

१०० ग्रॅम कोरड्या वडीत किंवा चुऱ्यात साधारण ५२ ग्रॅम प्रोटीन. लक्षात घ्या, कोरड्या! भिजल्यावर वजन कितीतरी वाढतं, त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅमचा हिशेब वेगळा. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी मोठ्या माणसाला रोज, वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरडा चुरा म्हणजे १५ ग्रॅमची सोय झाली. आजारातून उठणाऱ्याची गरज वेगळी असू शकते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन मनाने वाढवू नका. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती आणि सोयाबीन एकत्र घेऊ नका. सोया गोळीच्या शोषणात अडथळा आणतं, मध्ये किती अंतर ठेवायचं ते डॉक्टर सांगतील. काहींना सोयाची ॲलर्जी असते. आणि पूर्ण व्हीगन मंडळींनो, बी-१२ या रश्श्यात नाही. त्याची सोय गोळीने किंवा बी-१२ घातलेल्या पदार्थांनी करा. माझ्या रूममेटच्या फोनमध्ये त्याचा अलार्म लावलेला आहे.

करून बघा : सोया चुऱ्याचा काळा रस्सा (चौघांसाठी)

साहित्य : सोयाबीनचा चुरा १०० ग्रॅम, मोठे कांदे २, सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी, लसूण १०-१२ पाकळ्या, आलं १ इंच, सुक्या लाल मिरच्या ४, धणे २ चमचे, तीळ १ चमचा, जिरे अर्धा चमचा, मिरी ७-८, लवंगा ४, दालचिनी १ इंच, मसाला वेलची १, दगडफूल १ चमचा, बेसन १ मोठा चमचा, शेंगदाण्याचं तेल ४ मोठे चमचे, हळद, लाल तिखट, मीठ, मूठभर कोथिंबीर.

कृती : कांदे सालासकट थेट गॅसवर भाजा. बाहेरून काळे, आतून मऊ झाले पाहिजेत. फ्लॅटमध्ये असाल तर आधी खिडकी उघडा, शेजारी चौकशीला येतात! खोबऱ्याची वाटीही तशीच आचेवर धरा. खडा मसाला, मिरच्या, धणे, तीळ, दगडफूल मंद आचेवर कोरडं भाजा. दगडफूल शेवटी घाला, लगेच करपतं. कांद्याची जळकी साल काढून हे सगळं आलं, लसूण आणि अर्ध्या कोथिंबिरीसोबत एकदम बारीक वाटा.

पाणी मीठ घालून उकळा, गॅस बंद करून त्यात चुरा पाच मिनिटं भिजवा. चाळणीत ओता, गार पाण्याने धुवा आणि मुठीत घट्ट पिळा. वास जास्त वाटला तर परत एकदा धुवा, परत पिळा.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवा. वाटण घालून मध्यम आचेवर परता. दहा-बारा मिनिटं तरी लागतात, इथे घाई करायची नाही. कडेने तेल सुटलं की हळद, तिखट आणि बेसन घालून दोन मिनिटं परता. आता चुरा घाला आणि पाच मिनिटं मसाल्यात घोळवा. सहा कप उकळतं पाणी आणि मीठ घाला. गार पाणी ओतलं तर तर्री बसते, असं आई सांगते. झाकण अर्धवट ठेवून पंधरा मिनिटं मंद उकळू द्या. वरून उरलेली कोथिंबीर.

कुणाला चावायला हवं असेल तर आख्ख्या वड्या दहा-बारा मिनिटं भिजवून, पिळून, थोड्या तेलात खरपूस परता आणि त्याच्या वाटीत वेगळ्या घाला. कळण्याची भाकरी मिळाली तर उत्तम, नाहीतर ज्वारीची. तीही जमत नसेल तर कॉर्नरच्या बेकरीतला पाव घ्या, मात्र त्यात दूध किंवा बटर नाही ना ते विचारून. बाऊलमध्ये ओतून चमच्याने प्यायला तरी हरकत नाही, तेव्हा त्याला खुशाल सूप म्हणा.

शिळा झाल्यावर हा रस्सा जास्त मुरतो आणि दुसऱ्या दिवशी डब्यात अजून भारी लागतो. उरला तर!